साच्यातली हळद

सिमेंटचा सिंह माणसाला कशासाठी लागतो हे मला अजून कळलेलं नाही, आणि आमचं घर त्याच सिंहावर चालतं. कर्जतहून कशेळ्याकडे जाताना रस्त्याला लागूनच आमची शेड आहे. शनिवारी सकाळी फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या तिथे हमखास थांबतात. उतरणाऱ्या माणसाने अर्धी चड्डी घातलेली असते आणि त्याला निसर्ग हवा असतो. जागेवर मुळात होता तो निसर्ग त्याने जेसीबी लावून काढलेला असतो आणि वर लॉन अंथरलेली असते. आता त्या लॉनवर ठेवायला त्याला सिमेंटचं हरीण, सिमेंटचे बगळे आणि सिमेंटचा झाडाचा बुंधा पाहिजे असतो. काहींना बुद्धाचं नुसतं डोकं लागतं. बाकीचं अंग कुठे गेलं, असं मी एकदा एका बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नको, डोकंच पीसफुल वाटतं." ते डोकं पुढे त्यांच्या बारच्या काउंटरवर बसलं, असं टेंपोवाल्याने परत येऊन सांगितलं.

आणि गेटवर सिंह. आत दोन खोल्या आणि एक गिझर का असेना, बाहेर दोन सिंह पाहिजेतच.

हा सिंह माझ्या सासऱ्यांनी घडवला. ते शाळेत चित्रकलेचे मास्तर. निवृत्त झाल्यावर भिसेगावातल्या घराच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी आधी तुळशीवृंदावन ओतलं, मग बेडूक, मग बगळा. शेजाऱ्यांना मास्तरांच्या तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून त्यांनी ते विकत घेतलं आणि असा आमचा धंदा सुरू झाला. सिंह त्यांनी शाडूत केला, आरशासमोर बसून. आरसा उजेड पाडायला ठेवलाय, असं ते सांगायचे. सिंह पुरा झाला तेव्हा त्या दाट भुवया, फुगलेल्या नाकपुड्या आणि समोरच्याच्या वहीत चूक सापडल्याचा भाव बघून सगळ्या आळीने मास्तरांना ओळखलं. मास्तरांनी मात्र ते आजवर मान्य केलेलं नाही. त्या शाडूच्या सिंहावरून फायबरचा साचा काढला. एक भाग तोंडाचा, एक पाठीचा, मध्ये बोल्ट. आज कर्जत-खालापुरातल्या कितीतरी गेटांवर माझे सासरे जोडीने बसलेत आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे नापसंतीने बघतायत.

या प्राणिसंग्रहालयात माझं खातं साच्यांचं. सासऱ्यांनी लग्नानंतर मला काही शिकवलं असेल तर एवढंच, आणि तेही आधी स्वयंपाकघरातून माझे हात वास घेऊन तपासून. मिठाचे, आंबटाचे हात साच्याला चालत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. साचा सुटला की लगेच पुसायचा, सिमेंट वाळेपर्यंत गप्पा मारत बसायचं नाही. तारेचा ब्रश आत न्यायचा नाही, एक ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक सिंहाच्या गालावर उमटतो. आयाळीच्या खाचांत जुन्या सुती साडीचा बोळा फिरवायचा. मग तेलाचा हात, तोही इतका पातळ की बोटाला कळावं आणि डोळ्याला दिसू नये. तेल जास्त झालं की कपाळावर देवीचे वण येतात. पांढऱ्या सिमेंटच्या कामाला मी गोडं तेल वापरते, त्यावर नवरा विचारतो, "सिंहाला फोडणी देतेस का?" तो स्वतः मेकॅनिककडचं काळं ऑइल वापरतो आणि सिंह करडा निघाला की सिमेंट कंपनीला शिव्या देतो. साचा उन्हात ठेवायचा नाही, वाकतो. रिकामा असला तरी बोल्ट लावून ठेवायचा, नाहीतर दोन भाग एकमेकांवर रुसतात आणि पुन्हा जुळत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला कुणी शिकवली नाही, बघता बघता कळली. तोंडाचा साचा उघडा करून भिंतीला टेकवला आणि जरा लांबून पाहिलं, तर तो खड्डा आहे हे समजतच नाही. सिंह तोंड पुढे काढून बघतोय असंच वाटतं. गिऱ्हाईकं त्याच्या नाकाला हात लावायला जातात, हात आतच जातो आणि ती दचकतात. हा आमच्या शेडवरचा एकमेव फुकटचा खेळ आहे.

आता नवऱ्याबद्दल. घाई हा एकच गुण देवाने त्याला भरभरून दिलाय. सिमेंट त्याच्यासाठी लवकर सुकावं अशी त्याची अपेक्षा असते आणि ते सुकत नाही म्हणून तो त्याच्यावर डाफरतो. गेल्या पावसाळ्यात सासऱ्यांनी बेडकाच्या साच्यात पाय घातला. सरळ चालत आले आणि कडाक्कन आवाज झाला. "कुणी वाटेत ठेवला?" म्हणून उलट तेच ओरडले. साचा नेहमीच्याच जागी होता. पुढे एकदा त्यांनी बगळ्याची चोच गुडघ्याने उडवली. तेव्हा नवऱ्याने सर्वांसमक्ष सांगून टाकलं, "बाबा, आता एक जरी वस्तू तुमच्यामुळे खराब झाली, तर तुम्ही घरी टीव्ही बघत बसायचं. शेडवर यायचं नाही."

मी डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला, तर सासरे म्हणाले, "पत्र्यावरचा कावळा मला इथून दिसतो. तुझ्या नवऱ्याला डोळ्यासमोरची बायको दिसत नाही, त्याला ने आधी." हे खरं असल्यामुळे मी विषय तिथेच सोडला. पण ते घाबरलेत हे मला दिसत होतं. शेड नसेल तर या माणसाने सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न होता. ते कुणाच्या ओट्यावर बसणारे नव्हेत, आणि टीव्हीवरच्या माणसांच्या चुका काढून त्यांना समाधान मिळत नाही, कारण ती माणसं सुधारत नाहीत.

मग दसरा आला. सासरे वर्षभर देवाला हात जोडत नाहीत, पण हत्यारांची पूजा ते स्वतःच करतात. थापी, घमेलं, फावडी, लाकडी हातोडी आणि सगळे साचे ओळीने मांडायचे, हळद-कुंकू लावायचं, झेंडू ठेवायचा. साच्यांना हळद-कुंकू पाठीला लागतं, बाहेरच्या बाजूला. त्या दिवशी मी सिंहाचा तोंडाचा साचा तेलपाणी करून भिंतीला टेकवून ठेवला होता, कारण एका फार्महाऊसवाल्याच्या जोडीतला एक सिंह ओतून झाला होता आणि दुसरा ओतायचा होता. झालेला पहिला सिंह साच्याच्या शेजारीच उभा होता. सासरे ताम्हन घेऊन आले, वाकले आणि त्यांनी सिंहाच्या कपाळाला चांगली बोटभर हळद चोपडली. साच्यात. आत. वर कुंकू टेकवलं आणि डोक्यावर ठेवायला म्हणून फूल सोडलं. फूल घसरून नाकाच्या खड्ड्यात जाऊन पडलं.

त्यांचं बोट तिथेच थांबलं.

"बाबा, आत?" मी विचारलं.

"मग कुठे?" ते ताठ होत म्हणाले. "तोंड आत असतं. पूजा तोंडाची करायची की पाठीची?"

आमच्याकडे कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीवरून एक बाई कामाला येते. सिमेंट कालवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही आणि बोलण्यातही नाही. ती म्हणाली, "मास्तर, दरसाल तं पाठीलाच लावता की."

"दरसाल चुकत होतो," सासरे म्हणाले.

या माणसाने जन्मात स्वतःची चूक कबूल केली नव्हती. पाहुण्यांना साखरेऐवजी मिठाचा चहा दिला तेव्हाही त्यांनी चहाच्या पातेल्याला दोष दिला होता. पण मला संध्याकाळच्या गाडीने शिळफाट्याला माहेरी सोनं द्यायला जायचं होतं, डोक्यात आपट्याची पानं होती, आणि मी पुढे विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी परत आले तोवर नवऱ्याने सिंह ओतला होता. बोल्ट आवळून, हात झटकत, दात काढत उभा.

"साचा पुसलात?"

"तेल मारलं की."

"पुसलात का, ते विचारते."

"दसऱ्याचं हळद-कुंकू पुसू?" तो माझ्यावरच खेकसला. "दुसऱ्याच दिवशी? अक्कल आहे का? फूल तेवढं काढलं."

शुभ-अशुभाची इतकी काळजी असलेला हा माणूस बायकोच्या वाढदिवसाला दरवर्षी पेट्रोल पंपावर असतो. पण पूजेचं कुंकू पुसायचं म्हटल्यावर तो हात मागे घेतो. हळदीला चुना लागला की काय होतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि सिमेंट हा चुन्याचाच मोठा भाऊ. सिंह बाहेर यायची वाट बघण्यापलीकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

साचा सोडवला. आयाळ पांढरीशुभ्र, कान नीट, आणि कपाळावर रसरशीत लाल मळवट. नाकावरून एक ओघळ खाली आलेला आणि डाव्या नाकपुडीत झेंडूची एक पाकळी पक्की बसलेली. बाकी चेहरा मास्तरांचा. वाडीवरची बाई घमेलं ठेवून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. सिंहाला ती पहिल्यापासून वाघच म्हणते. "वैनी, वाघाची हळद झाली! आता ह्याला बायको बगा!"

नवऱ्याला हसू आलं नाही. शनिवारी गिऱ्हाईक जोडी न्यायला येणार होतं. त्याने लिंबू आणून कपाळावर चोळलं, लाल होतं ते पिवळं झालं. त्याने साबण लावला, पिवळं होतं ते पुन्हा लाल झालं. मी सांगत होते की लहानपणापासून भांडी घासणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं, पण त्याने पुन्हा लिंबू लावलं. अशी दुपार गेली. मग ॲसिडची बाटली काढली, तेव्हा मी सिंहाच्या पुढे उभी राहिले. ॲसिडने कपाळासकट भुवया गेल्या असत्या आणि भुवयांशिवाय तो सिंह म्हणजे कुणीही झाला असता.

संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याने बापाला सांगितलं, "बास झालं. उद्यापासून शेडवर यायचं नाही."

"पूजा केली म्हणून?"

"हो. पूजा केली म्हणून."

सासऱ्यांनी वाद घातला नाही. मला त्याचीच धास्ती वाटली. पुढचे दिवस ते टीव्हीसमोर बसून राहिले. मी शेडवरून आले की एकच विचारायचे, "साचे उन्हात नाही ना ठेवले?" आणि उत्तर ऐकून पुन्हा टीव्हीकडे तोंड करायचे. मला नवऱ्याचा इतका राग आला की मी त्याच्या डब्यात सलग कारल्याची भाजी दिली. त्याने ती खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाला, हे आणखी वाईट.

शनिवारी गिऱ्हाईक आलं, नवरा-बायको. आमच्या मालकांनी माफीचं भाषण तयार ठेवलं होतं. पण सिंहावरचं गोणपाट काढताच गिऱ्हाईकाची बायको किंचाळली. भीतीने नव्हे, आनंदाने. "ओ माय गॉड, किती ऑथेंटिक!" तिने सिंहाला मिठी मारून फोटो काढला. गिऱ्हाईकाने गंभीरपणे नाकपुडीतली पाकळी न्याहाळली आणि विचारलं, "हे हाताने केलंय?"

भाषण कुठल्या कुठे गेलं. "पारंपरिक आहे, सर," माझा नवरा म्हणाला. "पूजेचा पीस. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात."

आमच्या शेडचे पत्रे अजून नवे आहेत. पिढ्या म्हणजे घरी टीव्ही बघणारे सासरे आणि समोर खोटं बोलणारा हा, एवढ्याच.

"पण दुसऱ्याला का नाही?" बाईंनी विचारलं.

"त्याची पूजा बाकी आहे, मॅडम. पुढच्या आठवड्यात न्या." मी तेलाचं फडकं तोंडात कोंबून शेडच्या मागे गेले. वाडीवरची बाई आधीच तिथे येऊन हसत बसली होती.

झालेल्या सिंहाला वरून हळद चढेना, म्हणून नवा ओतायचा ठरला. त्याच दुपारी नवरा स्कूटर घेऊन भिसेगावला गेला आणि ज्या तोंडाने बापाला घरी बसवलं होतं त्याच तोंडाने म्हणाला, "बाबा, चला. पूजा करायचीय." सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले आणि स्कूटरवर असे बसले की शाळेच्या तपासणीलाच निघालेत. शेडवर त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. सासऱ्यांनी चहात साखर कमी असल्याचं सांगितलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून आमच्याकडे रोजच दसरा. सिंहाला मळवट, बेडकाला टिळा, हरणाला चंद्रकोर. बुद्धाच्या डोक्याला लावायला मात्र मी हात आडवा घातला. कुठेतरी थांबायला हवं होतं. फार्महाऊसवाले एकमेकांना फोटो पाठवतात आणि शनिवारी येऊन विचारतात, ते आजोबा कुठायत. नवरा त्यांना खुर्चीकडे बोट दाखवतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "बोलत नाहीत फार. साधना आहे." सासरे त्या वेळी उन्हाने डोळे मिटून बसलेले असतात.

उन्हाने आणखी एक गोष्ट केली, जी हळदीचे कपडे दोरीवर वाळत घालणारी कुणीही बाई सांगेल. महिन्याभरात सिंहांची कपाळं कोरी झाली. पहिल्या गिऱ्हाईकाचा फोन आला की सिंहाचा टिळा उडालाय, याची वॉरंटी काय. नवऱ्याने मग लाल रंगाची पूड आणून साच्यात स्वतःच्या हाताने टिळा लावून बघितला. तो सिंह कुणीतरी दगड मारून डोकं फोडल्यासारखा निघाला. तो अजून शेडच्या मागे उभा आहे आणि वाडीवरची बाई येता-जाता त्याला विचारते, "दवाखान्यात जायाचं का रं?" शेवटी नवऱ्याने फोनवर ठोकून दिलं की देवाचा टिळा असाच असतो, दरवर्षी नव्याने लावून घ्यावा लागतो. लोकांना हे फारच पटलं.

इतकं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एके दिवशी सकाळी नवरा बाहेर टेंपो भरत होता. आत मी होते आणि सासरे. मी रात्रीचा सोडवलेला सिंह भिंतीला उभा केला होता आणि त्याच्या शेजारी पुसून, तेल लावून उघडा साचा टेकवला होता. एकाच चेहऱ्याच्या दोन बाजू. सासरे हळदीची वाटी घेऊन आले आणि दोन्हींच्या मध्ये उभे राहिले. बोट हळदीत बुडवलेलं, हात अर्धा वर आलेला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "इकडे ये जरा."

मी जवळ गेले.

"यातला साचा कुठला?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या पावलांच्या आवाजाकडे बघत होते. दसऱ्याचं थांबलेलं बोट मला तेव्हा आठवलं, आणि "दरसाल चुकत होतो" हेही. त्यांनी साच्याची पूजा केलीच नव्हती. समोर सिंह आहे असं समजून त्यांनी सिंहाला हळद लावली होती, आणि बोट खड्ड्यात गेल्यावर, पोरगा घरी बसवेल या भीतीने, तिथल्या तिथे एक परंपरा काढली होती.

"हाताने चाचपून कळतं मला," ते म्हणाले. "पण चाचपताना त्याने बघितलं तर?"

"डॉक्टरकडे जाऊ, बाबा."

"जाऊन आलोय. गेल्या वर्षी, पनवेलला. काचबिंदू आहे. गेलं ते येत नाही म्हणाला. आहे तेही फार दिवस नाही." आणि मग शाळेतल्या आवाजात, "रडायचं नाही. तेलात पाणी पडतं."

मी रडत नव्हते. मला राग आला होता. त्यांचा, नवऱ्याचा, फोटो काढणाऱ्या त्या सगळ्या अर्ध्या चड्ड्यांचा. जे डोळे गेले म्हणून हा माणूस घरी बसायचा होता, त्याच डोळ्यांच्या चुकीवर आमचा धंदा दुप्पट झाला होता, आणि हे त्याला कुणाला सांगताही येत नव्हतं.

बाहेरून नवऱ्याची हाक आली, "झालं का गं?"

मी सासऱ्यांचं मनगट धरलं आणि साच्याकडे वळवलं. "हा साचा, बाबा. तोंड आत आहे."

त्यांनी बोट आत नेलं, स्वतःच्याच भुवयांच्या मधोमध बरोबर टेकवलं.

तेव्हापासून मी साचा रोज त्यांच्या उजव्या हाताला ठेवते आणि सिंह डाव्या. वाटेत काहीही ठेवत नाही, बेडूक नाही, घमेलं नाही, बोल्टसुद्धा नाही. ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. नवरा परवाच गिऱ्हाईकांना अभिमानाने सांगत होता, "आमच्या हिला बघा, या वयात शिस्त लागली."